रुग्णासाठीं केलेली प्रार्थना

गेल्या वर्षीं आमच्या वसतिगृहांतील इयत्ता नववीचा एक विद्यार्थी आजारी पडला. आरंभीं साधा ताप वाटला. पुढें रक्ताची तपासणी झाली आणि रक्ताचा कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. त्याला मुंबईस एका मोठ्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. त्या दिवसापासून वसतिगृहांत रोज सायंकाळीं भोजनापूर्वीं त्याच्यासाठीं प्रार्थना होऊं लागली. मुलांनीं भोजनगृहाच्या भिंतीवर एक कागद लावला व त्यावर आजारी मंडळींचीं नांवें लिहिलीं. त्यांत त्याचें नांव सर्वांत वर होतें. पांच महिने हा क्रम एक दिवसहि चुकला नाहीं. वार्षिक परीक्षा तोंडावर आली असतां, फेब्रुवारी महिन्यांत तो वारला.

दफनविधि आटोपल्यावर त्याची आई आमच्याजवळ आली. समाचारास आलेले कोणी एक गृहस्थ तिला म्हणाले होते कीं, विश्वास पुरा असता तर मुलगा वांचला असता. तें बोलणें तिच्या काळजांत रुतून बसलें होतें. ती म्हणाली, “गुरुजी, तुम्ही शिकलेले. आमचा विश्वास कोठें कमी पडला, तेवढें सांगा.” आम्हांस त्या वेळीं कांहीं सुचलें नाहीं, आम्ही नुसते मान खालीं घालून उभे राहिलों. पुढच्या आठवड्यांत पवित्र शास्त्राच्या तासाला त्याच्या बाकावरील सोबत्यानें तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, “आम्हीं रोज मागितलें, मग देवानें दिलें कां नाहीं?” त्या आईचें व त्या मुलाचें उत्तर आमच्याकडे बाकी राहिलें आहे. तें देण्याचा यथामति यत्न या लेखांत आम्ही करीत आहों.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, हा प्रश्न अविश्वासाचा नव्हे. सृष्टि ही केवळ नियमांनीं चालणारें यंत्र आहे असें ज्याला वाटतें, त्याला दुःख होईल, परंतु तो गाऱ्हाणें कोणाकडे करणार? जो देवाला बाप म्हणतो त्यालाच बापाच्या मौनाची वेदना होते. म्हणून असा प्रश्न विचारणाऱ्या मुलास गप्प बसविणें हें धर्मशिक्षण नव्हे. स्तोत्रसंहितेंतील अठ्याऐंशीवें स्तोत्र अगदीं शेवटपर्यंत अंधारांतच राहतें. त्याच्या अखेरीस सांत्वनाची एकहि ओळ नाहीं. तरीहि तें स्तोत्र भक्तांच्या प्रार्थनासंग्रहांत ठेविलें गेलें. ज्यांनीं तें ठेविलें त्यांस ठाऊक होतें कीं, देवापुढें केलेला आक्रोश हीहि प्रार्थनाच आहे.

आतां लोक या प्रश्नाचीं जीं तयार उत्तरें देतात, तीं तपासून पाहूं. पहिलें उत्तर असें कीं, प्रार्थना करणाराचा विश्वास उणा होता. दुसरें असें कीं, रोग्यानें किंवा त्याच्या आईबापांनीं कांहीं पाप केलें असलें पाहिजे. तिसरें असें कीं, प्रार्थनेंत कांहीं अर्थ नाहीं. ती मनाची समजूत आहे. हीं तीनहि उत्तरें थोडक्यांत सांगतां येतात, हाच त्यांचा मोठा गुण!

विश्वासाच्या उणेपणाविषयीं पवित्र शास्त्र काय दाखवितें? प्रेषित पौलानें माल्टा बेटावर तेथील प्रमुखाच्या तापानें व हगवणीनें आजारी असलेल्या बापावर हात ठेवून त्याला बरें केल्याचें प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. याच पौलाच्या स्वतःच्या शरीरांत एक काटा होता. तो कोणता विकार होता हें त्यानें सांगितलें नाहीं. परंतु तो दूर व्हावा म्हणून आपण तीन वेळां विनविलें, हें तो करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत स्पष्टपणें सांगतो. काटा निघाला नाहीं. देवाची कृपा त्याला पुरेशी होईल, एवढेंच उत्तर मिळालें. त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारीं जाऊन परत आला; पण दुसरा सोबती त्रफिम याला त्यानें मिलेत येथें आजारी असतांनाच मागें ठेविलें. तरुण तीमथ्याचें पोट वारंवार बिघडे. त्याला पौलानें थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. त्या काळीं तें एक औषधच होतें. एकाच प्रेषिताच्या हातून एक बरा झाला, एक झाला नाहीं, एकाला औषध सांगावें लागलें आणि प्रेषिताचें स्वतःचें दुखणें तसेंच राहिलें. यांपैकीं कोणालाहि पौलानें विश्वासाच्या उणेपणाबद्दल एक शब्दहि लाविलेला नाहीं.

उलट बाजूहि पहावी. मार्काच्या शुभवर्तमानांत एका पछाडलेल्या मुलाचा बाप येतो. आपला विश्वास आहे असें म्हणतां म्हणतां आपल्या अविश्वासासाठींहि तो साह्य मागतो. इतका डळमळीत त्याचा विश्वास. तथापि मुलगा बरा होतो. छप्परांतून खालीं सोडलेल्या पक्षाघाती मनुष्याच्या गोष्टींत प्रभूनें त्याला उचलून आणणाऱ्या मित्रांचा विश्वास पाहिला, असें लिहिलें आहे. बेथेसदाच्या तळ्याकांठीं पुष्कळ रोगी पडले होते. प्रभूनें त्यांतील एकालाच उठविलें. तो ३८ वर्षें आजारी होता, आणि आपल्याला बरें करणारा कोण हेंहि त्याला ठाऊक नव्हतें. तेव्हां ‘जितका विश्वास, तितकें आरोग्य’ असें कोष्टक शास्त्रांत कोठेंहि आढळत नाहीं.

पापाचें म्हणाल तर त्याचा निकाल प्रभूनें स्वतःच लाविला आहे. जन्मांधाला पाहून शिष्यांनीं विचारलें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही पर्याय नाकारले. ईयोबाचे मित्रहि हाच हिशेब मांडीत बसले होते. त्यांचें व्याख्यान मोठें धार्मिक दिसतें. परंतु ग्रंथाच्या अखेरीस देवाचा राग भडकतो तो ईयोबाच्या आक्रोशावर नव्हे, तर या मित्रांच्या पांडित्यावर. अतिरेकी खाण्यापिण्यानें, व्यसनानें किंवा निष्काळजीपणानें कांहीं रोग ओढवतात, हें खरें. तें डॉक्टरांनीं सांगावें व आपण ऐकावें. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं बसून त्याच्या पापांचा शोध घेण्याचा अधिकार ख्रिस्तानें आपल्या शिष्यांस दिलेला नाहीं.

येथें कोणी चिकित्सक विद्यार्थी म्हणेल, “मग मागा म्हणजे मिळेल या वचनाचें काय? आणि याकोबाच्या पत्रांत विश्वासाची प्रार्थना रोग्याला वांचवील असें लिहिलें आहे, त्याचें काय?” हा आक्षेप खरा आहे व त्याला बगल देणें योग्य नाहीं. याकोब सांगतो कीं, आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, त्यांनीं तेल लावून प्रार्थना करावी. त्या ठिकाणीं जें मूळ ग्रीक क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘बरें करणें’ असा होतो तसाच ‘तारणें’ असाहि होतो. आणि पुढें रोग्याला उठविण्याचें जें अभिवचन आहे तेंहि या जन्मींच्या उठण्याला लागू पडतें, तसेंच पुनरुत्थानालाहि लागू पडतें. शिवाय त्याच पत्रांत एक अध्याय आधीं, प्रभूची इच्छा असेल तर आपण जगूं, असें बोलण्याची शिकवण याकोबानेंच दिली आहे. तेलाविषयींहि एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. चांगल्या शोमरोन्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला होता. म्हणजे तेल हें त्या काळच्या घरगुती उपचारांतलें होतें. प्रार्थना व उपचार हे एकाच हातांत असावेत, असें याकोबाच्या आज्ञेवरून दिसतें. जे लोक प्रार्थनेच्या नांवाखालीं औषध बंद करावयास सांगतात, ते याकोबाचें अर्धेंच वचन वाचतात.

‘मागा म्हणजे मिळेल’ या वचनाचा अर्थ समजण्यासाठीं तें उच्चारणाराकडे पाहिलें पाहिजे. गेथशेमाने बागेंत त्यानें स्वतः मागितलें. पौलाप्रमाणेंच तोहि त्याच विनंतीसाठीं तीन वेळां गेला. प्याला टळावा ही त्याची मनःपूर्वक इच्छा होती. ती त्यानें लपविली नाहीं. आणि प्याला टळला नाहीं. त्याचा विश्वास उणा होता असें म्हणण्यास कोण धजेल? ज्या पुत्राची ही विनंती मान्य झाली नाहीं, तोच पुत्र आम्हांस बापाजवळ मागावयास शिकवितो. याचा अर्थ एवढाच होऊं शकतो कीं, मागणें हें हवी ती वस्तु मिळविण्याची किल्ली नसून बापाशीं चाललेलें बोलणें आहे. मूल आईजवळ मनांतलें सर्व मागतें. मागूं नये असें मुलास वाटूं लागलें तर तें घर घर राहात नाहीं. आणि मागितलें तें सर्व मिळेल अशीहि कोणत्या घरांत रीत नाहीं.

आमच्या देशांत तर हें नीट समजून घेण्याची विशेष गरज आहे. आम्ही नवसाच्या वातावरणांत वाढलों आहों. मूल बरें झालें तर अमुक वाहीन, असें बोलण्याची वहिवाट येथें पुरातन आहे, व ती ख्रिस्ती कुटुंबांतूनहि नाहींशी झालेली नाहीं. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेंत मेणाचे हात, पाय व लहान बाहुल्या वाहणारे सर्व धर्मांचे लोक दिसतात. त्यांच्या अंतःकरणांतील कळकळीला आम्ही हंसत नाहीं. आजारी लेकरासाठीं मेणाचा पाय घेऊन रांगेंत उभी राहिलेली आई देवाला प्रियच असेल. परंतु नवसाचा व्यवहार देण्याघेण्याचा असतो, व त्यामुळें काम न झाल्यास दोष कोणाचा हा प्रश्न अपरिहार्यपणें उभा राहतो. त्या गृहस्थांनीं त्या आईला जें ऐकविलें तें याच व्यवहाराचें दुसरें रूप होतें. फरक एवढाच कीं, मेणाच्या ठिकाणीं त्यांनीं विश्वासाला वजनकांट्यांत घातलें.

प्रार्थनेला तराजूंत घालण्याचा यत्न विद्वानांनींहि केला आहे. अमेरिकेंतील सहा रुग्णालयांत हृदयावरील शस्त्रक्रियेच्या १,८०२ रोग्यांची पाहणी करून तिचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींसाठीं परक्या लोकांकडून प्रार्थना करविली होती व कांहींसाठीं नव्हती. परंतु आपण कोणत्या गटांत आहों हें या दोन्ही गटांतील रोग्यांस कळूं दिलें नव्हतें. शस्त्रक्रियेनंतर उपद्रव झालेल्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ५२ व दुसऱ्यांत शेंकडा ५१ आलें. तिसऱ्या गटांतील रोग्यांस, आपल्यासाठीं खात्रीनें प्रार्थना होत आहे, असें सांगितलें होतें. त्यांत तें प्रमाण शेंकडा ५९ भरलें. यावरून कांहीं लोक प्रार्थना व्यर्थ असल्याचा निकाल देतात. आमच्या मतें या पाहणींतून एवढेंच सिद्ध झालें कीं, प्रार्थना ही औषधाच्या गोळीसारखी मोजून देण्याची मात्रा नव्हे. आणि तसें तर ख्रिस्ती धर्मानेंहि कधीं म्हटलेलें नाहीं. ज्या मित्राचें प्रेम आम्ही कसोट्या लावून मोजूं पाहतों, त्याच्याशीं आमची मैत्री राहात नाहीं. मग देवाची गोष्ट कशाला?

म्हणजे देव कोणाला बरें करीतच नाहीं काय? असें आम्ही म्हणत नाहीं. डॉक्टरांनीं आशा सोडलेले रोगी उठून घरीं गेल्याचीं उदाहरणें आहेत, आणि अशा वेळीं कृतज्ञतेनें गुडघे टेकणाराचें आम्ही अभिनंदन करतों. परंतु अशा घटना विरळ आहेत, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. फ्रान्स देशांतील लूर्द येथें १८५८ सालापासून अगणित आजारी माणसें गेलीं. त्यांपैकीं वैद्यकीय चौकशीनंतर धर्माधिकाऱ्यांनीं चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सुमारें ७० आहेत. आणि ज्या बर्नादेत नांवाच्या मुलीमुळें तें स्थान प्रसिद्धीस आलें, ती स्वतः दमा व क्षय यांनीं जर्जर होऊन १८७९ सालीं वयाच्या ३५व्या वर्षीं वारली. झऱ्याचा मार्ग दाखविणारीलाच आरोग्य लाभलें नाहीं! तरी तिच्या विश्वासाविषयीं कोणीं शंका घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमच्या महाराष्ट्रांतहि याचें उदाहरण आहे. पंडिता रमाबाई यांच्याइतकी प्रार्थनानिष्ठ स्त्री विरळा. केडगांवच्या मुक्तिसदनांत शेंकडों अनाथ स्त्रिया व मुली यांचा सांभाळ त्यांनीं प्रार्थनेच्या बळावर केला. त्यांचे पति १८८२ सालीं पटकीनें वारले. त्यांची एकुलती एक कन्या व उजवा हात असलेल्या मनोरमाबाई १९२१ सालीं, ऐन चाळिशींत, आईच्या डोळ्यांदेखत गेल्या. त्या आईनें प्रार्थनेंत कसूर केली असेल काय? कन्येच्या मृत्यूनंतर रमाबाईंनीं बायबलाच्या मराठी भाषांतराचें आपलें काम टाकलें नाहीं. तें तडीस नेऊन १९२२ च्या एप्रिलांत त्यांनींहि देह ठेविला. न ऐकलेल्या प्रार्थनेनंतर भक्त काय करतो, याचें उत्तर त्यांच्या त्या कामांत आहे.

दावीद राजाचेंहि असेंच झालें. बाळ आजारी असतां तो उपाशी जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशीं बाळ वारल्याचें कळतांच तो उठला, स्नान केलें, मंदिरांत जाऊन भजन केलें आणि मग जेवला. सेवक चकित झाले. परंतु दावीदाचा देवाशीं संबंध बाळाच्या आयुष्यापुरता नव्हता, म्हणून तो बाळाबरोबर तुटला नाहीं.

दुसरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिंडिवनम येथें एका मिशनरी डॉक्टरांची कन्या आयडा स्कडर आईच्या शुश्रूषेसाठीं आली होती. एका रात्रीं तीन निरनिराळ्या घरचे पुरुष आपापल्या बायकांच्या बाळंतपणासाठीं मदत मागावयास आले. तिचे वडील डॉक्टर होते, परंतु परपुरुषाला घरांत घेण्यास ते राजी नव्हते. आणि तिला स्वतःला वैद्यक येत नव्हतें. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. आयडा अमेरिकेस जाऊन डॉक्टर झाली, १९०० सालीं परत आली, आणि वेल्लोर येथील प्रचंड रुग्णालय तिच्या हातून उभें राहिलें. १९१८ सालीं तेथें मुलींना वैद्यक शिकविण्याची शाळाहि निघाली. इकडे मिरजेस डॉ. वानलेस यांचें रुग्णालय १८९४ पासून सुरू होतें. येथें एक इशारा दिला पाहिजे. त्या तीन स्त्रिया मेल्या त्या रुग्णालय निघावें म्हणून, असें मात्र कोणी म्हणूं नये. तें देवाविषयीं व त्या स्त्रियांविषयीं क्रूर बोलणें होईल. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जी प्रार्थना त्या रात्रीं रिती परतली, ती एका मुलीच्या कानांत शिरली आणि तिनें आपलें आयुष्य तिच्या उत्तरासाठीं दिलें. कुष्ठरोग्यांनीं कित्येक शतकें आरोग्य मागितलें. त्यांच्या रोगावर गुणकारी औषध १९४१ च्या सुमारास हातीं आलें, व तो खात्रीनें बरा करणारी संयुक्त औषधयोजना जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं पुरस्कारली. देव पुष्कळदां आपलें उत्तर माणसांच्या हातून पाठवितो, आणि माणसें उशीर करतात.

तरीहि मूळ प्रश्नाचा एक भाग शिल्लक राहतोच. एकच मुलगा कां, आमचाच कां, आतांच कां? वधस्तंभावरील प्रभूनेंहि ‘कां’ असाच आक्रोश केला. ख्रिस्ती विश्वास हें त्या ‘कां’ चें उत्तर नसून, तो ‘कां’ उच्चारणाराच्या शेजारीं देव स्वतः येऊन उभा राहिला आहे, अशी साक्ष आहे. तसेंच हेंहि स्मरावें कीं, या जगांतील प्रत्येक आरोग्य तात्पुरतें आहे. थडग्यांतून बाहेर आलेला लाजारहि पुढें केव्हां तरी मेलाच असेल. ख्रिस्ती मनुष्याची अखेरची आशा ताप उतरण्यावर नसून पुनरुत्थानावर आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकीं प्रत्येकाला केव्हां तरी आजाऱ्याच्या खाटेपाशीं बसावें लागेल. तेव्हां चार गोष्टी ध्यानांत ठेवा. मोकळेपणें मागा, बरें कर, असें स्पष्ट म्हणा, देवाला संकोच वाटेल म्हणून बेताचें मागूं नका. डॉक्टरांचें औषध प्रार्थनेइतक्याच श्रद्धेनें वेळेवर द्या. रोग्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या विश्वासाचें मोजमाप करूं नका; बोलण्यासारखें कांहीं नसेल तर पाण्याचा पेला पुढें करा व गप्प बसा. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते, तेवढेच त्यांचे दिवस चांगले गेले. आणि मागितलेलें मिळालें नाहीं तर प्रार्थना सोडूं नका. मरण आलें म्हणून आपलें काम संपत नाहीं, कारण मागें उरलेल्यांस सोबत लागते.

त्या आईच्या प्रश्नाचें आमचें उत्तर आतां असें आहे: बाई, तुमचा विश्वास कोठेंहि कमी पडला नाहीं. पांच महिने रुग्णालयाच्या जमिनीवर निजून तुम्ही ज्याला हांक मारीत होतां, तो तेथेंच होता. तुमच्या मुलाचा हात तुम्हीं सोडला तेव्हां त्यानें धरला, असा आमचा भरंवसा आहे. कमी पडलें असेल तर तें आमचें, कारण त्या गृहस्थांस तेथल्या तेथें उत्तर देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

भोजनगृहाच्या भिंतीवरील तो कागद अद्याप आहे. दफनविधीनंतर पांचवीतल्या एका मुलानें पेन्सिल घेऊन विचारलें कीं, आतां वरचें नांव खोडावयाचें काय? मोठ्या मुलांनीं त्याला नको म्हटलें. त्यांनीं त्या नांवापुढें ‘याची आई’ असे दोन शब्द लिहिले, आणि त्या सायंकाळीं तिच्यासाठीं प्रार्थना केली.